तोंड उघडलेच आहे, तर हिरड्याही पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीतला मधुमेहाच्या गुंतागुंतीवरचा लेख वाचला. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, हृदय, पायांच्या नसा, न भरणाऱ्या जखमा असे सगळे त्यात आले. तोंडाचा मात्र उल्लेख नव्हता. यात लेखकाला दोष द्यावा असेही नाही, कारण मधुमेहाच्या दवाखान्यातही हेच चालते. पायांना बधिरपणा आहे का, हे पाहतात, डोळे तपासायला पाठवतात, पण ‘दात घासताना रक्त येते का?’ असे क्वचितच कोणी विचारते. हॅराल्ड लोए या दंतसंशोधकाने हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले, ते १९९३ साली.

हे नाते दुहेरी आहे. साखर आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांत जुनी सूज असेल तर साखर आटोक्यात येणे अवघड जाते. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर टक्क्यांत सांगणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ ने उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षांतून दिसले आहे. गोळ्या बंद करण्याइतका हा फरक नाही, पण सोडून द्यावा इतका छोटाही नाही.

आपल्याकडे ‘पायरिया’ म्हणून जो ओळखला जातो, तो आजार सुरू होतो दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर. तिथे जंतूंचा चिकट थर रोज बसतो. घासून काढला नाही तर लाळेतल्या क्षारांनी तो कडक होतो आणि त्याचे किटण होते. एकदा किटण धरले की ब्रश कितीही जोरात फिरवला तरी ते निघत नाही. पहिल्या टप्प्यात हिरडी नुसती लाल होते, सुजते, रक्त येते. इथवर सगळे पूर्ववत होऊ शकते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये लोए आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करायला लावले. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात सूज ओसरली. पुढचा टप्पा मात्र परतीचा नाही. हिरडी दातापासून सुटते, ३ मिलिमीटरपर्यंतची नैसर्गिक खाच खोल होत जाते आणि दाताला धरून ठेवणारे हाड आत झिजू लागते. झिजलेले हाड बहुतांशी परत येत नाही. आणि हे सगळे होताना दुखत नाही, हीच खरी अडचण. दाढ ठणकली तर माणूस रात्री बारा वाजता दंतवैद्याला उठवील, पण रक्त आले तर चूळ भरून कामाला लागतो. कित्येक जण तर रक्त येते म्हणून त्या जागी ब्रश लावणेच सोडतात. नेमकी तीच जागा मऊ ब्रशने, पण नीट घासायला हवी असते.

यावर हमखास ऐकू येणारे उत्तर म्हणजे, ‘आमच्या आजोबांनी जन्मभर राखुंडी लावली, नव्वदीतही ऊस खात होते.’ खात असतील. श्रीलंकेतल्या चहामळ्यांत ४८० मजुरांची १९७० पासून पंधरा वर्षे पाहणी झाली. त्यांना ना ब्रश माहीत होता, ना दंतवैद्य. किटण जवळजवळ सगळ्यांच्याच दातांवर होते. तरीही ११ टक्के लोकांचे हाड जवळपास शाबूत राहिले, ८१ टक्क्यांचे मध्यम गतीने झिजले आणि ८ टक्क्यांचे दात पंचेचाळिशीपर्यंत जवळजवळ सगळे गेले. आजोबा त्या ११ टक्क्यांतले होते. नातू कोणत्या गटात आहे, हे हिरडीच्या खाचेची खोली मोजल्याशिवाय आणि एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही.

दुसरा समज अधिक नुकसान करतो. ‘दात साफ करून घेतले की ते सैल होतात, फटी पडतात.’ तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षे प्रॅक्टिस केल्यावर सांगतो, या एका वाक्यापायी जितके दात गेले तितके गोड खाऊनही गेले नसतील. घडते असे की हाड आधीच झिजलेले असते आणि मोकळ्या झालेल्या जागेत किटण ठासून बसलेले असते. ते काढले, सुजलेली हिरडी उतरली की खरी फट उघडी पडते. काही दिवस गार पाण्याने झिणझिण्या येतात, जिभेला ती जागा परकी वाटते. रुग्णाला वाटते, डॉक्टरांनीच दात खरवडले. स्केलिंगच्या यंत्राच्या टोकाला बारीक कंप असतो, त्याने किटण सुटते. नीट वापरले तर दात झिजत नाही. हे आधी समजावून सांगणे आम्हा दंतवैद्यांचे काम आहे आणि घाईत ते होत नाही, हेही खरे.

स्केलिंगने सगळ्यांचे भागत नाही. खाच ४ मिलिमीटर किंवा त्याहून खोल असेल तर हिरडीखालचे मूळ स्वच्छ करावे लागते, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे लागते आणि तरीही खाच भरली नाही तर हिरडी उचलून शस्त्रक्रिया करावी लागते. त्यानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवावे लागते, कायमचे. औषधाच्या दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांनी किटण विरघळत नाही. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या थोडे दिवस ठीक, महिनोन्‌महिने केल्या तर दात तपकिरी होतात. रक्तदाबावरच्या ॲम्लोडिपिन या गोळीने काहींच्या हिरड्या फुगतात. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखवावे.

तंबाखूबद्दल थोडक्यात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून आजार दडून राहतो आणि आतून वेगाने वाढतो. आपल्याकडच्या बायकांमध्ये मशेरीचे प्रमाण अजून बरेच आहे आणि ‘मशेरीने दात घट्ट राहतात’ हे सासूकडून सुनेकडे आलेले ज्ञान आहे. भाजला तरी तो तंबाखूच. जिथे बोट फिरते तिथली हिरडी खाली सरकते, मुळे उघडी पडतात आणि सवय सुटत नाही ती निकोटीनमुळे. कर्करोगाचा धोका वेगळाच.

आता माझी सूचना. तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह, रक्तदाब आणि मुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम आहेच. त्यात आरोग्य कर्मचारी बॅटरी घेऊन रुग्णाच्या तोंडात पाहतात. रोख कर्करोगावर असतो आणि तो असायलाच हवा. पण त्याच उजेडात हिरड्याही दिसतात. रक्त येते का आणि एखादा दात हलतो का, एवढे दोन प्रश्न त्या कागदावर वाढवावेत. ज्याची साखर जास्त आहे त्याला डोळ्यांच्या तपासणीबरोबर दंत विभागाचीही चिठ्ठी द्यावी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालये आहेत, पण जत किंवा माणच्या शेतमजुराने एका स्केलिंगसाठी तिथवर जावे, ही अपेक्षा धरता येत नाही. त्याला जवळच्या सरकारी रुग्णालयातच उपचार मिळायला हवेत, कारण आरोग्य विम्यातही दातांचा असा नेहमीचा खर्च सहसा धरत नाहीत. आणि चिठ्ठी घेऊन तो पोचेल तेव्हा तिथले यंत्र चालू हवे. त्याच्या टोकांचा आणि दुरुस्तीचा खर्च याच कार्यक्रमात धरावा, नाहीतर नुसत्या चिठ्ठ्या देऊन उपयोग नाही.

आपला,
एक निवृत्त दंतवैद्य, कराड