गुहागरला नेण्याजोगा लॅपटॉप

ठाणे,
१२ एप्रिल

प्रिय अव्या,

लिहायला कोणता लॅपटॉप घ्यावा, हे विचारणारा तुझा मेसेज वाचला. मे महिन्यात तीन आठवडे गुहागरला मुक्काम, आंबे आणि आजोबांच्या आठवणी एकदाच्या लिहून काढायच्या, हा बेत झकास आहे. मेसेजमध्ये उत्तर मावणार नाही, म्हणून हे पत्र.

तू मेसेजमध्ये सुचवलेला तो नवाकोरा, चौदा हजारांचा, अकरा इंची लॅपटॉप घेऊ नकोस. तसलाच मी घेतला होता आणि तोंडावर पडलो. साठवणूक ३२ जीबी, तीही मदरबोर्डवर डकवलेली. विंडोजचा मोठा अपडेट आला की जागा नाही म्हणून अडून बसायचा. पण ते सोसलं असतं. खरा वैताग कीबोर्डचा. जागा वाचवायला कंपनीने उजवीकडच्या कळा चेपून निम्म्या केल्या होत्या. इंग्रजी लिहिणाऱ्याला तिथे सेमीकोलन आणि कंस असतात, त्याचं काय जातंय! आपण इनस्क्रिप्टवाले, म्हणजे भारतीय लिपींसाठी ठरवलेल्या कीबोर्डाच्या मांडणीवर लिहिणारे. आपला च सेमीकोलनवर, ट त्याच्या शेजारी, ड चौकटी कंसावर आणि य तिरक्या रेघेवर. 'चटणी' लिहायला मी चार वेळा खोडत होतो. आजोबांच्या आठवणीत चटण्या, टोपल्या नि डाव्या हाताची कामं भरपूर असणार, तेव्हा जप.

तुला आठवतं, २००७ साली असूसचा तो ई पीसी नावाचा चिमुकला लॅपटॉप निघाला होता? सात इंची पडदा, किलोभराच्या आत वजन. आपण दुकानात उभं राहून हाताळला होता आणि दोघांनाही वाटलं होतं की प्रवासात लिहायला हेच पाहिजे. पुढे टॅबलेट आले आणि पाच-सहा वर्षांत ती जातच संपली. आता लहान आणि स्वस्त असं दोन्ही हवं असेल, तर माझ्या मते ऑफिसांनी वापरून काढलेला जुना लॅपटॉप घ्यावा.

मी लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे मुंबईत ग्रँट रोडजवळच्या संगणकांच्या बाजारातून, थिंकपॅड एक्स२७० घेतला, साडेसोळा हजारांना. २०१७ चं मॉडेल, साडेबारा इंची. वजन सव्वा-दीड किलोच्या आसपास, म्हणजे तुझ्या शबनममध्ये मावेल. कळा पूर्ण मापाच्या. याला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे. आतली चालू असताना मागची काढून दुसरी लावता येते, मशीन बंद करावं लागत नाही. मे अखेरीला वळवाचा एक शिडकावा झाला की तिकडे लाइट जाते, तेव्हा ही सोय सोन्यासारखी. शिवाय टाइप-सीवरून चार्ज होतो, त्यामुळे फोनचा आणि याचा चार्जर एकच. फक्त तो ४५ किंवा ६५ वॉटचा घे.

एक गोम आहे. यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली, त्यात मराठी इनस्क्रिप्ट आहेच. तुला विंडोजच हवं असेल तर एक्स२८० बघ. तो आणखी हलका आहे आणि विंडोज ११ त्यावर रीतसर चालतं. मात्र रॅम वाढवता येत नाही, म्हणून आठ जीबीचाच घे, आणि बाहेरून बदलायची बॅटरी त्याला नाही. मी तुझ्या जागी असतो तर एक्स२७०च घेतला असता. गुहागरला इंटरनेट नसलं तर उलट बरंच!

दुकानात घाई करू नकोस. पडदा मागे-पुढे कलवून बघ. काही जुन्या पडद्यांवर कोन बदलला की अनुस्वार पुसट होतात, आयपीएस पडदा असेल तर हा त्रास नाही. मग एक कोरं पान उघडून 'तऱ्हेवाईक सुऱ्या' असं टाइप कर. शिफ्ट धरून र, मग हलन्त आणि पुढचं अक्षर (ह किंवा य) दाबलं की अर्धचंद्री र उमटला पाहिजे. प्रत्येक कळ एकदा तरी दाब, कारण जुन्या मशीनमध्ये एखादी मुकी निघतेच. विंडोज चालू असेल तर दुकानदारालाच कमांडच्या खिडकीत powercfg /batteryreport चालवून बॅटरी रिपोर्ट काढायला सांग, मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. निम्मीच उरली असेल तर बॅटरीचे पैसे भावातून कापून घे. बायोसला (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालते ती मूळ प्रणाली) जुन्या ऑफिसचा पासवर्ड नाही ना, हेही बघून घे. तो असला तर मशीन फुकट दिलं तरी नको.

आणि हो, रात्री जेवल्यावर लिहिलेलं सगळं एका पेन ड्राइव्हवर उतरवून ठेव. माझी तीन प्रकरणं त्या अकरा इंचीबरोबर गेली, ते दुःख अजून गेलेलं नाही.

पुढच्या शनिवारी मी मोकळा आहे. सीएसएमटीला अकराला भेट, तिथून चालत ग्रँट रोडकडे नको, टॅक्सीने जाऊ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या

ता. क. माझ्याकडची मागची जादा बॅटरी तीन आठवडे तुला देतो. बदल्यात पेटीभर हापूस, आणि तोही तिकडच्याच झाडाचा.