नुसतं फिरणं पुरत नाही

महोदय,

साठी ओलांडली की जो तो सांगतो, ‘रोज फिरायला जा.’ छानच, पण तेवढ्यावर भागत नाही. खुब्याचं हाड मोडलेल्यांना पुन्हा चालतं करण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. खुर्चीतून उठताना हात टेकावा लागला, की बहुधा मांड्यांची ताकद घटलेली असते. ती सत्तरीतही वाढते, मात्र स्नायूंना काम द्यावं लागतं: हात न लावता खुर्चीतून सावकाश उठबस, भिंतीला धरून टाचा उचलणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींत आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय दोन दिवस स्नायूंचा आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचाही व्यायाम सांगितला आहे. हे शेवटचं कुणी वाचतच नाही! आणि घरच्यांनो, ‘आता बसा निवांत’ हा प्रेमळ आग्रह कृपया आवरा.

– एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट