शनिवारी येतेय, त्याआधी हे वाचा

पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तीनदा सांगायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा 'जेवलीस का?'वरच गाडी अडली, म्हणून पत्र. बाबा, चष्मा लावून आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधल्या ओळी गाळू नका, तुमची ती सवय मला माहीत आहे.

मी तुमच्याशी खोटं बोलले. दिल्लीला 'ऑफिसच्या कामाला' गेले होते ती मेडिकल होती. औलीची ट्रेनिंग कॉम्प्युटरची नव्हती, बर्फात राहायची होती. वेधशाळेतर्फे अंटार्क्टिकाला जायला माझं नाव पक्कं झालंय. नोव्हेंबरात निघायचं, परत पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात. सही करून झाली. आधी विचारायला हवं होतं, मान्य. पण विचारलं असतं तर आई लगेच 'जा' म्हणाली असती, रात्रभर कूस बदलत पडली असती, आणि ते कळल्यावर मीच गेले नसते.

आबा सांगायचे ना, 'मागावरची पोरगी आभाळात गेली'? लाल बावट्याच्या सभेत ऐकून आलेले. आबांच्या गोष्टीत निम्मं तिखटमीठ असायचं, पण ही खरी निघाली. वालेंतिना तेरेश्कोवा, अंतराळात गेलेली पहिली बाई. रशियातल्या यारोस्लाव्हलच्या कापडगिरणीत कामाला, आईही गिरणीतच. वडील युद्धात गेले तेव्हा ही तीन वर्षांचीही नव्हती. सुट्टीत विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारायची, आणि त्याच्याच जोरावर तिची निवड झाली. कारण त्या यानातून शेवटी उडी मारूनच जमिनीवर यायचं होतं, सात किलोमीटर उंचीवरून.

आबांनी एक मात्र सांगितलं नव्हतं. पॅराशूटच्या सरावाला जातेय, असं ती आईला सांगून निघाली होती. 16 जून 1963 ला व्होस्तोक 6 मधून ती वर गेली आणि रेडिओवर बातमी लागली, तेव्हा त्या माउलीला कळलं. हे वाचलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. तिला निदान गप्प राहण्याची ताकीद होती. मला कुणी दिली होती? तुम्हाला हे शेजारच्या काकूंच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून कळलं असतं तर मी कुठल्या तोंडानं घरी आले असते!

आता काहीच लपवायचं नाही म्हणून हेही सांगते. उतरायच्या वेळी खाली येण्याऐवजी यान आणखी वर जाईल, अशी चूक तिच्या यानात राहून गेली होती. तिच्या ती लक्षात आली, तिनं खाली कळवलं, तिथून नवे आकडे आले. मुख्य अभियंता कोरोल्योव्ह म्हणाले, हे कुणाला बोलू नकोस. ती तीस वर्षं बोलली नाही! 48 फेऱ्या, जवळजवळ 71 तास, एकटी. माझं तसं काही नाही. आम्ही वीसेक जण असू, बरोबर डॉक्टर आहे, रविवारी फोन करता येतो. 'भारती' हे आपलं ठाणं 134 कंटेनर जोडून बांधलंय, पण आत उबदार आहे, गादी आहे, गरम पाणी आहे. (आपल्याकडे नळाला पाणी चार दिवसांनी येतं, त्यापेक्षा बरंच म्हणायचं.) जूनमध्ये सूर्य उगवत नाही, तेवढं आहे. आई, इस्रोच्या मंगला मणी छप्पन्नाव्या वर्षी तिथे 403 दिवस राहून आल्या. मी बत्तीसची आहे.

बाबा, हुतात्मा एक्स्प्रेस सुटताना खिडकीशी येऊन तुम्ही दर वेळी विचारता, 'ब्रश घेतलास का?' तेरेश्कोवाला तेच द्यायचं राहिलं होतं. टूथपेस्ट दिली आणि ब्रश विसरले. बिचारीनं बोटानं दात घासले. आई, हसू नकोस. तुझी मिश्री बंद करायची म्हणजे करायची, डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय.

उतरल्यावर तिनं गावकऱ्यांबरोबर बसून त्यांचं जेवण खाल्लं आणि आपलं यानातलं खाणं त्यांना वाटून टाकलं. त्यावर बोलणी बसली. मला ते इतकं पटलं! मला पन्नास कडक भाकरी आणि शेंगाचटणी हवी. लसूण जास्त, आणि चटणी कुटलेली, मिक्सरची नको.

पैशासाठी जातेय असं दादाला वाटेल. पैसे मिळणार आहेत, त्यातून बाबांचा मोतीबिंदू आणि पत्र्यांच्या जागी स्लॅब होईल, पण जातेय ती त्यासाठी नाही. मला जायचंय. गिरणी बंद पडली त्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं, आठवतंय? घरात साखर नव्हती. एक बाण वर जाऊन फुटला आणि मी विचारलं, त्याच्यावर काय आहे? तुम्ही म्हणालात, 'वर गेल्यावर कळंल की.' आई घरी सूप मांडीवर घेऊन हजार विड्या पुऱ्या करत होती. आम्ही आलो तेव्हा तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता आणि त्याच बोटांनी तिनं माझ्या केसांतली राख झटकली. आई, औलीच्या तंबूत झोप येईना तेव्हा मला तो वास आठवत होता. मिश्रीचं मी बोलले, ते वेगळं.

या गड्ड्याला मी नसेन. रागवा, पण गप्प बसू नका.

बाबांनी टाकीचा पाईप लावायला गच्चीवर चढायचं नाही, दादाला सांगायचं. बीपीची गोळी सकाळीच, 'बरं वाटतंय' म्हणून सोडायची नाही. आईनं उन्हातून बाजारात जायचं नाही. आणि ते स्थळ: त्यांना खरं तेच सांगा, वर्षभर थांबायचं असेल तर थांबतील.

शनिवारी संध्याकाळच्या हुतात्म्यानं येतेय. स्टेशनवर येऊ नका म्हटलं तरी बाबा येणारच, तर रिक्षानं या. रात्री सायकल काढायची नाही.

तुमची,
छकुली