काचेत ठेवलेली बाळं आता तिशीत आहेत : मदतीचं आवाहन

सस्नेह नमस्कार.

'याला काचेत ठेवलं होतं' असं ज्यांच्याबद्दल घरी अजूनही सांगितलं जातं, अशा पुण्यातल्या मंडळींचा आणि त्यांच्या पालकांचा आमचा गट आहे. सगळे ३२ आठवडे भरायच्या आत जन्मलेले. आज कुणी बँकेत आहे, कुणी रिक्षा चालवतं, काहींना स्वतःची मुलं झाली आहेत.

अशा बाळाला पहिली काही वर्षं सगळे जपतात. डोळ्यांचा पडदा, कान, मान कधी धरली, चाललं कधी. मूल शाळेत रमलं की फाइल माळ्यावर जाते. पुढे ऐन तिशीत बीपी वाढतं, तेव्हा डॉक्टर विचारतात, "घरात कुणाला आहे का?" जन्म कितव्या आठवड्यात झाला, हे कुणी विचारत नाही. आणि ते आपणहून सांगायचं असतं, हे आपल्याला ठाऊक नसतं.

मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत तयार होत असतात. फार आधी जन्मलेल्यांत त्या कमी राहू शकतात. फुप्फुसांचंही तसंच, त्यात सिगारेट म्हणजे दुहेरी मार. रक्तदाब आणि साखरेचा धोकाही इतरांपेक्षा थोडा जास्त. घाबरवायचं नाही, बहुतेक जण धडधाकट आहेत. पण तपासणी चाळिशीपर्यंत लांबवू नये.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांच्या पथकाने १९८७ ते १९८९ दरम्यानच्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा थेट अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. एवढी चिकाटी दुर्मीळच. अठरानंतर मात्र ज्याचं त्याने बघायचं, अशीच सगळीकडे स्थिती आहे.

म्हणून १७ नोव्हेंबरच्या जागतिक अकाली प्रसूती दिनाच्या आसपास प्रौढांसाठी मोफत तपासणी ठेवायची आहे: बीपी, साखर, लघवीतली प्रथिनं, फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी. ही चाचणी सगळ्यात महाग पडते, देणगी मुख्यतः तिच्यासाठीच हवी. बीपीची यंत्रंही चालतील, फक्त नवी द्या. जुन्यांचे पट्टे सैल झालेले असतात. एक फिजिशियन आणि एक नेत्रतज्ज्ञ अर्धा दिवस देऊ शकले तर फारच उत्तम.

आईबाबांना, आजीआजोबांना वेगळी विनंती. कपाटातलं ते डिस्चार्ज कार्ड शोधा. शाई उडत चालली असेल. जन्माचे आठवडे, वजन आणि ऑक्सिजन किती दिवस होता, तेवढं दिसेल असा मोबाइलवर फोटो काढा आणि मुलांना पाठवून ठेवा.

देणगीची पावती लगेच मिळेल. ८०जीची करसवलत आम्हाला अजून नाही, हे आधीच सांगतो.

आपले,
कार्यकारिणी सदस्य