पीडीएफमधून घेतलेल्या मजकुरातल्या तुटक ओळी

सर्व सभासदांना विनंती, पीडीएफमधला मजकूर वर्डमध्ये घेतल्यावर तुटक ओळी (वाक्य पुरं होण्याआधीच मध्येच तोडलेल्या) जोडूनच पाठवा.

आधी फाइलची प्रत ठेवा. कंट्रोल-एच दाबा. 'फाइंड'मध्ये टोपीचिन्ह (^) आणि लगेच छोट्या लिपीतला इंग्रजी पी, हे दोनदा टाका (ही टोपी-पी म्हणजे वर्डमधली परिच्छेद संपल्याची खूण), 'रिप्लेस'मध्ये ##. मग 'रिप्लेस ऑल'. यामुळे रिकामी ओळ सोडलेले खरे परिच्छेद राखले जातात. ही पायरी गाळलीत तर सगळा मजकूर एकाच परिच्छेदात जातो, आणि तो पुन्हा तोडणं फार जिकिरीचं!

आता एकेरी टोपी-पीच्या जागी एक स्पेस, शेवटी ##च्या जागी टोपी-पी. वाकडे बाण (शिफ्ट-एंटर) दिसत असतील तर पीऐवजी एल. त्याच चौकटीतल्या 'यूज वाइल्डकार्ड्स' (सांकेतिक चिन्हांनी शोधण्याची सोय) या पर्यायावरची खूण काढा, नाहीतर टोपी-पी शोधलंच जात नाही.

कविता आणि पत्ते मात्र यातून वगळा.