आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र : पित्ताशयातल्या खड्यांबद्दल गावागावांत बोला

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य,
सप्रेम नमस्कार.

डेंग्यूची पत्रके आमच्या सत्तरीत दारोदार पोचतात. साचलेले पाणी ओता म्हणून आरोग्यसेविका परसात येऊन सांगतात. पित्ताशयातल्या खड्यांबद्दल मात्र कुणी चार शब्द बोललेले मी ऐकले नाहीत.

माझ्या वहिनीला तेला-नारळाचे जड जेवण झाले की रात्री उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत. पोटाशी उशी घट्ट धरून ती तासन्‌तास वाकून बसायची, ओकायची. सकाळी पुन्हा चुलीपाशी. घरात ओवा होता, सोडा होता, फार्मसीतल्या गॅसच्या गोळ्या होत्या. सोनोग्राफी कुणी सुचवलीच नाही. पुढे डोळे पिवळे झाले, हुडहुडी भरून ताप आला, तरी आधी वाट धरली ती कावीळ उतरवणाऱ्याचीच. इस्पितळात पोचेपर्यंत पित्तनलिकेत अडकलेल्या खड्यामागे पू झाला होता. दुर्बिणीने नळी मोकळी केली, नंतर पित्ताशय काढले. ती वाचली, पण थोडक्यात.

साहेब, ही कावीळ झाडपाल्याने उतरत नाही. नळी तुंबलेली असते, ती मोकळीच करावी लागते. हाच खडा स्वादुपिंडाच्या तोंडाशी अडकला तर स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती जिवावरही बेतते. लिंबूरस नि ऑलिव्ह तेल पिऊन खडे पडतात म्हणून मोबाईलवर व्हिडिओ फिरतात. ते प्यायल्यावर शौचातून पडणाऱ्या हिरव्या गोळ्या बहुधा त्याच तेलाच्या बनलेल्या असतात.

उगाच घाबरवावे असे मात्र मी म्हणत नाही. खडे असलेल्या बहुतेकांना कधीच त्रास होत नाही, आणि त्यांना सहसा ऑपरेशनही लागत नाही. हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवे, नाहीतर सोनोग्राफीत दिसला खडा की काढा पित्ताशय, असे व्हायचे. पण कळ पुन्हा पुन्हा येत असेल तर सर्जनला दाखवायलाच हवे. चाळिशी ओलांडलेल्या आणि बाळंतपणे झालेल्या बायकांत हा आजार जास्त, आणि दुखणे अंगावर काढणाऱ्याही त्याच.

म्हणून मागणे एवढेच. अंगणवाडीत आणि महिला मंडळांत आरोग्यसेविकांनी ही लक्षणे समजावून सांगावीत. जेवणानंतरची उजवीकडची कळ तासाभरात थांबली नाही तर डॉक्टरकडे जावे; तापासोबत कावीळ दिसली तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे, रात्र असेल तर १०८ ला फोन करावा. फार्मसीवाल्यांनाही सांगा, तेच माणूस पुन्हा पुन्हा गॅसची गोळी मागायला आले तर त्याला आरोग्य केंद्रात पाठवा. आणि सत्तरी, सांगे, काणकोणच्या दूरच्या वाड्यांवरच्या बाईला साध्या सोनोग्राफीसाठी बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळापर्यंत बस बदलत जावे लागू नये, तालुक्यातच ठरलेल्या वारी ती व्हावी.

पत्रक मराठीत आणि कोंकणीत, मोठ्या अक्षरांत काढा. चतुर्थीआधी ते आमच्या केंद्राच्या भिंतीवर लागले तर फार बरे होईल. तेव्हाच घरोघरी तळण सुरू होते.

आपली,
सत्तरीतील एक निवृत्त शिक्षिका