मॅस्टडॉनवर येतोस का?

पुणे, रविवार

प्रिय मंदार,

"खातं का बंद केलंस?" असं तू विचारलंस, त्याचं उत्तर मेसेजमध्ये मावेना.

त्या सोशल मीडिया साइटवर मला आपली माणसंच दिसेनाशी झाली होती रे. तुझे राजगडचे फोटो आठवड्याने दिसले, अनोळखी लोकांची भांडणं मात्र रोज सकाळी समोर. माणूस ज्याला खिळून राहील तेच पुढे करायचं, कारण जाहिरातीचा पैसा त्यातून येतो. मला या सगळ्याचा वीट आला.

आता मी मॅस्टडॉन या सोशल नेटवर्कवर आहे. हे नाव तू २०१९ च्या अखेरीस ऐकलं असशील. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं, आधी एका जुन्या फोटोवरून आणि मग एका हिंदी कवितेवरून. तेव्हा आपल्याकडचे बरेच जण निषेध म्हणून तिकडे गेले होते. २०२२ मध्ये इलॉन मस्कने ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं, तेव्हा जगभरातून पुन्हा लोंढा आला.

ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये हे सुरू केलं. याचा एकच एक मालक नाही. हजारो छोटे सर्व्हर, म्हणजे लोकांची खाती सांभाळणारे संगणक आहेत, कुणी हौसेने चालवतं, कुणी वर्गणीवर. जीमेलवरून रेडिफमेलला मेल जातो, तसं एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्याशी बोलतो. जाहिराती नाहीत. ज्यांना फॉलो करतोस त्यांचंच, ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने दिसतं. आमचा सर्व्हर सांभाळणारी बाई स्वतः तिथेच लिहिते. कुणी शिवीगाळ केली तर तिला सांगायचं, ती बघते. मला याचं फार अप्रूप वाटतं.

अडचणी आहेतच. चालवणारा थकला तर सर्व्हर बंद होतो. दुसरीकडे जाताना फॉलोअर सोबत नेता येतात, जुनं लिखाण मात्र मागेच राहतं. आणि मराठी फार थोडी आहे. कधी कधी दिवसभरात एकही मराठी ओळ दिसत नाही, ते मला खरंच लागतं. म्हणूनच तू यावंस असं वाटतं. तुझ्यासारखा किल्ल्यांवर मन लावून लिहिणारा तिथे हवा, एका वेळी ५०० अक्षरं मिळतात.

सर्व्हर निवडताना त्याचे नियम आधी वाच. माझ्याच सर्व्हरवर यायला हवं असं काही नाही. अडलं तर रात्री नऊनंतर फोन कर, मी मोकळा असतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अभय